शिंतो देवस्थानें : यादींतलीं व यादीबाहेरचीं

जपानांतील शिंतो देवस्थानें पाहावयास गेलेल्या संशोधकाची पहिली निराशा गाभाऱ्याच्या दारापाशीं होते. आपल्या इकडील देवळांत शिरलें म्हणजे मूर्ति असते. तिच्या घडणीवरून, आयुधांवरून, पीठावरील चार अक्षरांवरून कालाचा कांहीं अदमास बांधतां येतो. शिंतो धर्मांत मूळची मूर्तीची चाल नव्हती, व पुढें कांहीं ठिकाणीं मूर्ति घडविल्या गेल्या तरी त्या दर्शनासाठीं नव्हत. आंत असतें तें 'शिन्ताई', म्हणजे देवाचें अधिष्ठान : आरसा, तरवार, मणि, एखादा दगड, आणि तेंहि वस्त्रांत गुंडाळून दाराआड ठेवलेलें, पुष्कळ ठिकाणीं खुद्द पुजाऱ्यानेंहि न पाहिलेलें. यामातो प्रांतांतील ओमिवा देवस्थानास तर गाभाराच नाहीं. मागचा मिवा डोंगर हाच तेथला देव, आणि त्याच्याकडे तोंड करून उपासनेचा मंडप. बांधकाम म्हणावें तर लांकडाचें, छप्पर गवताचें किंवा झाडाच्या सालीचें; दमट हवेनें कुजावयाचें, नाहींतर आगींत जावयाचें. दगडी तोरणाच्या आकाराची 'तोरिई' नांवाची कमान, तिच्यामागें जुनी देवराई, आणि राईच्या आंत बंद दाराचें एक लांकडी घर, एवढाच काय तो दृश्य ऐवज.

तेव्हां अशा देवस्थानाचें जुनेपण ठरवावयाचें तें कशावरून? हा प्रश्न जपानी विद्वानांपुढें निदान तीनशें वर्षें उभा आहे. त्याच्या उत्तरावर पुढें सहस्रावधि देवस्थानांचें जगणें-मरणें अवलंबून राहिलें, आणि म्हणूनच आम्ही तो येथें मांडीत आहों. साधनें तीन प्रकारचीं आहेत. एक सरकारी याद्या, दुसरें देवस्थानाच्या किंवा गांवाच्या पदरचे कागद, आणि तिसरें लोकांचा आचार व लोककथा. पैकीं पहिल्या साधनाचा मान सर्वांत मोठा, आणि इतर दोन साधनांची सर्वांत मोठी हानि झाली तीहि त्याच मानापायीं, असें आमचें मत झालें आहे.

यादीचा इतिहास असा. इ. स. ७१३ मध्यें राजाज्ञा निघून सर्व प्रांतांकडून प्रांतवर्णनें मागविण्यांत आलीं. त्यांस 'फुदोकि' म्हणतात. त्यांपैकीं पांचच काय तीं बऱ्यापैकीं हातीं आलीं आहेत, आणि त्यांतहि जवळजवळ अखंड असें एकच, तें इझुमो प्रांताचें, इ. स. ७३३ मध्यें पुरें झालेलें. त्यांत प्रांतांतील ३९९ देवस्थानें नांवनिशीवार दिलीं आहेत. आणि देतांना स्पष्ट सांगितलें आहे कीं, पैकीं १८४ देवकार्याच्या सरकारी खात्यांत नोंदलेलीं आहेत व २१५ नोंदलेलीं नाहींत. हा आंकडा आम्हांस फार मोलाचा वाटतो. आठव्या शतकाच्या पूर्वार्धांतच, राजधानीपासून दूरच्या एका प्रांतांत, निम्म्याहून अधिक देव सरकारच्या दप्तराबाहेर होते, आणि तरीहि त्या प्रांताच्या लेखकास त्यांचीं नांवें लिहून ठेवावींशीं वाटलीं.

पुढील दोन शतकांत ही दुसरी बाजू कागदावरून नाहींशी होते. इ. स. ९०५ मध्यें आज्ञा होऊन ९२७ मध्यें पुरा झालेला व ९६७ मध्यें अंमलांत आलेला 'एन्गिशिकी' हा पन्नास प्रकरणांचा कायदेग्रंथ; त्याचीं नववें व दहावें हीं प्रकरणें म्हणजे 'जिम्म्योचो', देवांच्या नांवांची यादी. तींत २,८६१ स्थानें व ३,१३२ देव आहेत. पैकीं ४९२ थोर व २,६४० लहान. यादीबाहेरच्या देवांचा तींत उल्लेख नाहीं, व असण्याचें कारणहि नव्हतें. वसंत ऋतूंत पीकपाण्यासाठीं जी प्रार्थना होई तिच्या वेळीं सरकारांतून कोणकोणत्या देवांस अर्पण पोंचवावयाचें, याची ती याद होती. म्हणजे आपल्या शब्दांत सांगावयाचें तर, ती देवांची गणति नव्हे. वर्षासनाची याद होय. वर्षासन मिळत नव्हतें एवढ्यावरून देव अर्वाचीन ठरत नाहीं, हें आपल्या इकडील दप्तरें चाळणारास सांगावयास नको.

परंतु घडलें नेमकें उलट. राजसत्तेचा जोर ओसरला, अर्पणें बंद पडलीं, आणि यादींतील कित्येक देवस्थानें कोठें होतीं याचाच विसर पडला. सतराव्या शतकापासून विद्वान त्यांच्या शोधास लागले. जिम्म्योचोंत प्रांत, परगणा व देवाचें नांव एवढेंच असतें. त्यावरून जागा ठरवावयाची. एकाच नांवावर दोन-तीन गांवें हक्क सांगूं लागलीं म्हणजे त्या देवस्थानांस 'रोन्शा', म्हणजे वादांतलीं देवस्थानें, म्हणत. आणि अशीं रोन्शा शेंकड्यांनीं निघालीं. इकी बेटाचें उदाहरण बोधक आहे. लहानसें बेट, पण जिम्म्योचोंत त्याचे २४ देव. हिरादो संस्थानच्या ताचिबाना मित्सुयोशि नामक पंडितानें इ. स. १६७६ मध्यें बेट फिरून तीं स्थानें एकेक करून ठरविलीं. त्याचा आधार बव्हंशीं स्थलनामांचें ध्वनिसाम्य हा होता, आणि त्याचे कित्येक निर्णय पुढील अभ्यासकांस चुकीचे वाटत आले आहेत. पण एकदां पंडितानें नांव दिलें, गांवानें तें घेतलें, आणि तेंच देवाचें नांव होऊन बसलें. बान नोबुतोमो (१७७३–१८४६) यासारख्या चिकित्सकानें जिम्म्योचोची कसून छाननी केली खरी. तरी यादींत असणें म्हणजे कुलीन असणें ही समजूत तेव्हांपासून पक्की झाली ती झालीच.

देवस्थानांच्या स्वतःच्या कागदांकडे वळल्यास चित्र अधिक समाधानाचें आहे. प्रथम इसे घेऊं. सूर्यदेवता आमातेरासु हिचें अंतःस्थान व अन्नदेवता तोयोउके हिचें बहिःस्थान मिळून हें जपानांतील सर्वश्रेष्ठ क्षेत्र. दर वीस वर्षांनीं शेजारच्या मोकळ्या जागेंत तसेंच नवें देऊळ उभारून देव तेथें नेण्याची तेथील चाल सर्वश्रुत आहे. परंपरेप्रमाणें पहिलें स्थानांतर सम्राज्ञी जितो हिच्या कारकीर्दींत, अंतःस्थानीं इ. स. ६९० मध्यें व बहिःस्थानीं ६९२ मध्यें झालें. बासष्टावें २०१३ मध्यें झालें. दर वेळीं सुमारें दहा हजार सरूवर्गीय 'हिनोकी' वृक्ष लागतात, आणि वस्त्रें, शस्त्रें, आरसे, खोगीर, वीणा अशा ७१४ प्रकारच्या १,५७६ वस्तु नव्यानें घडवाव्या लागतात. प्रवासवर्णनकार येथें थांबून तेराशें वर्षांच्या अखंड परंपरेचें कौतुक करतात. परंपरा अखंड नाहीं. गृहकलहाच्या काळांत बहिःस्थानाचें स्थानांतर १४३४ पासून १५६३ पर्यंत व अंतःस्थानाचें १४६२ पासून १५८५ पर्यंत खुंटलें होतें; म्हणजे सव्वाशें वर्षांच्या आसपास. चार सुतारांच्या पिढ्या कामाविना गेल्या. १५६३ मध्यें बहिःस्थानाचें काम पुन्हां झालें तें कोणा सरदाराच्या कृपेनें नव्हे. सेइजुन नांवाच्या एका बौद्ध भिक्षुणीनें देशभर झोळी फिरवून द्रव्य जमविलें. ज्या क्षेत्रीं बौद्ध शब्दांचा उच्चारहि निषिद्ध मानीत, त्या क्षेत्राचा उद्धार एका भिक्षुणीनें करावा, हें इतिहासाचें एक कौतुकच म्हणावयाचें.

खंडानंतर देऊळ जसेंच्या तसें उभें राहिलें काय? नाहीं, आणि तें आपणांस कळतें तें कागदांमुळें. इ. स. ८०४ मध्यें दोन्ही स्थानांनीं आपापल्या विधींचें, इमारतींचें व मापांचें वर्णन लिहून राजदरबारीं सादर केलें होतें. तीं पुस्तकें उपलब्ध आहेत. जुन्या रचनेंत दोन भांडारगृहें मुख्य मंदिराच्या मागें असत. १५८५ च्या उभारणींत तीं मंदिराच्या बाजूंस एका रांगेंत आलीं, व तीन शतकें तशींच राहिलीं. १८८९ च्या स्थानांतरांत तीं पुन्हां मागें नेण्यांत आलीं. म्हणजे येथें लांकडानें कागदास आधार दिला नाहीं. कागदानें लांकूड सुधारलें. बहिःस्थानाच्या पुजारीवर्गानें १६४८ मध्यें स्वतःचें ग्रंथालय स्थापिलें होतें, हेंहि येथें नमूद करण्याजोगें आहे.

याहून चटकदार गोष्ट इझुमोच्या महादेवस्थानाची. तेथील पिढीजात अधिकारी सेन्गे घराणें. त्यांच्या दप्तरांत एक जुना आराखडा आहे : नऊ खांबांचें देऊळ, प्रत्येक खांब तीन ओंडके लोखंडी कड्यानें एकत्र बांधून केलेला, खांबाचा व्यास एक 'जो', म्हणजे सुमारें तीन मीटर, पुढें एक 'चो', म्हणजे शंभर मीटरांहून अधिक लांबीचा जिना. मोतोओरी नोरिनागा या अठराव्या शतकांतील महापंडितानें आपल्या 'तामाकात्सुमा' ग्रंथांत तो उतरून छापला, पण त्यावर विश्वास ठेवण्यास फारसें कोणी धजेना. देवस्थानची आख्यायिका अशी कीं, मूळचें देऊळ ३२ जो उंच होतें, मागाहूनचें १६ जो, म्हणजे ४८ मीटर. सध्यांचें देऊळ १७४४ सालचें असून त्याची उंची २४ मीटर आहे. लांकडी इमारत ४८ मीटर उंच, आणि ती मध्ययुगांत! बांधणीच्या तज्ज्ञांनीं माना हलविल्या. आराखड्याच्या बाजूनें दोन बारीक पुरावे होते. इ. स. ९७० च्या सुमारास मिनामोतो नो तामेनोरि यानें मुलांच्या पाठांतरासाठीं केलेल्या 'कुचिझुसामि' या पुस्तकांत देशांतील मोठ्या इमारतींचा क्रम इझुमो पहिली, नाराची महाबुद्धशाला दुसरी व क्योतोची राजसभा तिसरी असा दिला आहे. आणि १०३१ मध्यें हें देऊळ वारा नसतां कोसळल्याची नोंद आहे. फार उंच इमारतच अशी पडते, असें उंचीचे पक्षपाती म्हणत.

इ. स. २००० मध्यें देवळाच्या आवारांत भूमिगत खोलीसाठीं खणतांना जमिनींत तीन ओंडके एकमेकांस चिकटून उभे असलेले सांपडले. प्रत्येकाचा व्यास कमाल १.३५ मीटर, तिघांचा मिळून सुमारें तीन मीटर, म्हणजे बरोबर एक जो. पुढच्या खोदाईंत असे आणखी दोन खांब निघाले. ते तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील, बहुधा १२४८ मध्यें पुऱ्या झालेल्या देवळाचे, असें ठरलें आहे. एका घराण्यानें शतकानुशतकें जपलेला, विद्वानांनीं शंकास्पद ठरविलेला एक कागद अशा रीतीनें जमिनीनें खरा केला. जुने कागद जपणारास याहून मोठा आनंद तो कोणता? तथापि आनंदाच्या भरांत विवेक सुटूं नये. खांबांनीं जाडी सिद्ध केली, उंची नव्हे. ४८ मीटरांचा आंकडा अजून आख्यायिकाच आहे, आणि तिकडील कित्येक वास्तुज्ञ त्याहून बरीच कमी उंची धरतात तें आम्हांस अयोग्य वाटत नाहीं.

आतांपर्यंत मोठ्या क्षेत्रांविषयीं झालें. परंतु शिंतो देवस्थानाचें खरें आयुष्य मोठ्या क्षेत्रांत नाहीं. तें खेड्यांत आहे. गांवाच्या देवास 'उजिगामि' व गांवकऱ्यांस त्याचीं लेंकरें म्हणतात. मूल महिन्याचें झालें कीं त्यास देवाच्या पायांवर आणावयाचें, तीन, पांच व सात वर्षांचें झालें कीं पुन्हां आणावयाचें, पेरणीपूर्वीं मागणें करावयाचें, कापणीनंतर देवास पालखींत घालून शिवारांतून मिरवावयाचें. गांवाचे तंटे व करार देवापुढें व्हावयाचे. पुष्कळ ठिकाणीं निराळा पुजारीहि नसे. गांवांतील जुन्या घराण्यांचें मंडळ असून पूजेचा मान वर्षावर्षानें एकेका घराकडे फिरे. अशा मंडळाचें दप्तर देवळांत राही. असें एक दप्तर आमच्या वाचकांस मुद्दाम सांगण्याजोगें आहे.

बिवा सरोवराच्या उत्तर टोंकास डोंगर व पाणी यांच्या बेचक्यांत सुगाउरा नांवाचें खेडें आहे. गांवाच्या दोन्ही टोंकांस गवती छपराच्या वेशी अजून उभ्या आहेत. तेथील देवळांत 'उघडावयाची नाहीं अशी पेटी' होती. पेटीस हात लावूं नये हा दंडक. आंत काय आहे हें कोणास ठाऊक नाहीं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत ती अभ्यासकांपुढें उघडली गेली, तेव्हां आंत देवाचें अधिष्ठान नव्हतें. गांवाचें दप्तर होतें. तेराव्या शतकापासूनचे बाराशेंवर कागद : करार, पावत्या, अर्ज, गांवचे ठराव. आज त्यांची गणति १,२८१ असून २०१८ मध्यें त्यांस जपानचा राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर करण्यांत आलें. सामान्य खेडुतांच्या कागदांस हा मान मिळावा, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

या दप्तराचा बराच भाग एका शिवेच्या तंट्यानें व्यापलेला आहे. गांवास भातखाचरें जवळजवळ नाहींत. होतीं तीं खिंडीपलीकडे हिसाशि व मोरोकावा या दोन ठिकाणीं, आणि त्यांवर शेजारचें ओउरा गांव हक्क सांगे. तेराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला हा तंटा पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालला. १३४६ मध्यें गांवकऱ्यांनीं ठराव केला कीं हीं शेतें कायमचीं कोणी विकावयाचीं नाहींत. १४४५ च्या सुमारास दोन्ही गांवें शस्त्रें घेऊन भिडलीं. १४६१ मध्यें सुगाउराचा पक्ष निकालांत हरला, त्यावर फौज चालून आली व गांवास शरण जावें लागलें. या दोन्ही झगड्यांचे करीने गांवकऱ्यांनींच लिहून पेटींत ठेविले आहेत, आणि त्यांत शौर्याच्या बढाईबरोबर खर्चाचा व उपासमारीचा हिशेबहि आहे. आपल्याकडील वतनाच्या तंट्यांतील करीने ज्यांनीं वाचले आहेत त्यांस हा सूर ओळखीचा वाटेल. दप्तरांत शिवेचा एक रंगीत नकाशाहि आहे. त्यावर १३०२ सालची मिति आहे, परंतु तो तंट्यांत पुरावा म्हणून मागाहून तयार केला असावा असें प्रतिपादणारे विद्वान आहेत. बनावट असला तरी आमच्या दृष्टीनें त्याची किंमत कमी होत नाहीं. गांवास कशाची भीति वाटत होती हें तो खऱ्या नकाशाहून स्पष्ट सांगतो.

या गांवच्या देवाची कथाहि लक्षांत घ्यावी. राजेतिहास सांगतो कीं सम्राट जुन्निन यास ७६४ मध्यें पदच्युत करून आवाजि बेटावर पाठविण्यांत आलें व दुसऱ्या वर्षीं तो तेथें मेला. सुगाउराचे लोक म्हणतात, नाहीं, तो आमच्या गांवीं आला, तो आमचा देव आहे. म्हणून देवळाच्या पायऱ्या अनवाणी चढावयाच्या, हिमांतसुद्धां. आख्यायिका इतिहासाशीं जुळत नाहीं हें उघड आहे. तरी आपण राजवंशाच्या आश्रयाखालचे आहों या श्रद्धेवर एक खेडें दीडशें वर्षें शेजाऱ्याशीं झुंजलें असेल, तर ती आख्यायिका त्या झुंजीच्या इतिहासाचें साधनच ठरते.

लोककथेंतहि कधीं कधीं कागदाइतका चिवटपणा असतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील एका भाष्यग्रंथांत बिन्गो प्रांताच्या लुप्त फुदोकींतील एक उतारा वांचला आहे. एक परका देव रात्रीं आसरा मागतो. श्रीमंत भाऊ दार लावतो, सोमिन शोराइ नांवाचा गरीब भाऊ भाकरीचा तुकडा देतो. पुढें देव त्यास सांगतो कीं गवताचें कडें कमरेस बांधून 'मी सोमिन शोराइचा वंशज' असें म्हणा, म्हणजे रोगराईंतून वांचाल. एवढ्यावर हा उतारा कितपत जुना अशी शंका घेतां आली असती. पण आठव्या शतकाच्या अखेरीची राजधानी नागाओकाक्यो येथें खोदाईंत सोमिन शोराइच्या वंशजाचें नांव लिहिलेली ताइतासारखी लांकडी पट्टी सांपडली. हा रोगनिवारक देव पुढें 'गोझु तेन्नो', म्हणजे वृषभमुख देवराज, या नांवानें क्योतोच्या गिओन देवस्थानांत पूजिला जाऊं लागला. गिओन हें नांव श्रावस्तीच्या जेतवनाच्या चिनी नांवावरून आलेलें, आणि गोझु तेन्नो हा त्या विहाराचा रक्षक अशी समजूत. ८६९ मध्यें मरीचें निवारण व्हावें म्हणून जपानच्या ६६ प्रांतांच्या नांवें ६६ भाले उभारले, तेथून गिओनचा सुप्रसिद्ध उत्सव धरतात. आपली सरस्वती बेन्झाइतेन म्हणून, महाकाल दाइकोकुतेन म्हणून, मगररूपी कुंभीर कोन्पिरा म्हणून याच वाटेनें तेथें पोंचले, व शिंतो देवांच्या पंक्तीस बसले. हजार वर्षें देव व बुद्ध एकाच आवारांत नांदत होते. पुजारी व भिक्षु एकमेकांचें काम करीत.

१८६८ च्या राज्यक्रांतीनें ही पंगत उठविली. त्या वर्षाच्या तिसऱ्या महिन्यांतील हुकुमांत 'गोझु तेन्नो' हें नांव उदाहरणादाखल देऊन बौद्ध शब्दांनीं देवांस संबोधण्यास मनाई केली. गिओनचें नांव यासाका झालें, व वृषभमुख देवाच्या जागीं पुराणांतील सुसानोओ आला. कोन्पिराचें कोतोहिरा झालें. हिएइ पर्वताच्या पायथ्याशीं हिए देवस्थानांत चौथ्या महिन्याच्या पहिल्या दिवशीं जुगे शिगेकुनि या पुजाऱ्यानें शंभरावर सशस्त्र माणसें घेऊन गाभारे फोडले आणि मूर्ति, सूत्रग्रंथ व पूजापात्रें यांची होळी केली. किल्ल्या आतांपर्यंत पर्वतावरील भिक्षूंच्या ताब्यांत असत, याचा तो सूड होता. कामाकुराच्या हाचिमान देवस्थानांतील बौद्ध इमारती १८७० मध्यें पाडल्या. तेथील पांच हजारांवर खंडांचें चिनी छापील त्रिपिटक तेवढें तोक्योच्या सेन्सोजी विहारांत गेल्यामुळें वांचलें. किती हस्तलिखितें रद्दीच्या भावानें गेलीं असतील याची कल्पना करवत नाहीं. तरी नांव पुसण्याचा हुकूम दारांवर पोंचला नाहीं : खुद्द इसेच्या परिसरांत अजूनहि घरोघर वर्षभर दारावर गवताचा दोर असतो, आणि त्यावरील पाटीवर सोमिन शोराइच्या वंशजांचें हें घर असें लिहिलेलें असतें.

यानंतर देवस्थानें राज्यकारभाराचा भाग झालीं. १८७१ मध्यें त्यांस सरकारी, प्रांतिक, जिल्ह्याचीं, गांवचीं अशा पायऱ्या लावल्या, सर्वांत खालीं बिनदर्जाचीं. आणि पिढीजात पौरोहित्य रद्द केलें. १८७९ मध्यें गृहखात्यानें प्रत्येक देवस्थानाचें विवरणपत्रक मागविलें : नांव, देव, उगम, जागेचें माप, उपासकांची संख्या. खेड्यापाड्यांतून उत्तरें आलीं. बहुतेकांच्या उगमाच्या रकान्यांत 'अज्ञात' असें लिहावें लागलें यांत नवल नाहीं. पेटी उघडावयाची नाहीं असा दंडक असलेल्या देवळानें दुसरें काय लिहावें?

१९०६ च्या ऑगस्टांत राजाज्ञा निघाली कीं एकत्र केलेल्या देवस्थानांच्या जमिनी उरलेल्या देवस्थानास द्याव्या. गृहखात्याचें धोरण गांवोगांव विखुरलेलीं लहान देवस्थानें मोडून एका शासकीय गांवास एकच देवस्थान ठेवण्याचें होतें. या धोरणाची बाजूहि सांगितली पाहिजे. पुष्कळ देवळांस पुजारी नव्हता, उत्पन्न नव्हतें, छपरें गळत होतीं; थोडीं असावींत पण नीटनेटकीं असावींत, हा विचार सर्वस्वीं दुष्ट नव्हता. पण राखावयाचें कोणतें व मोडावयाचें कोणतें? कसोटी ठरली ती उगमाच्या पुराव्याची व पुंजीची. एन्गिशिकीच्या यादींत असलेलीं, सहा राजेतिहासांत उल्लेखिलेलीं, राजघराण्याच्या वा सरदारांच्या मान्यतेचीं देवस्थानें राखावयाचीं. हजार वर्षांपूर्वीं वर्षासन वांटण्याकरितां केलेली याद अशा रीतीनें निवाडपत्र झाली. १९०६ मध्यें सुमारें एक लाख नव्वद हजार देवस्थानें होतीं. पुढील आठ-दहा वर्षांत त्यांतील सुमारें सत्तर हजार नाहींशीं झालीं. अंमलबजावणी प्रांताधिकाऱ्यांच्या उत्साहावर होती. ज्या मिए जिल्ह्यांत इसे आहे तेथेंच दहांतील नऊ देवस्थानें गेलीं. सुगाउराच्या देवळास सध्यांचें सुगा हें नांवहि १९०९ मध्यें शेजारचीं दोन देवस्थानें त्यांत मिळविलीं तेव्हांचेंच.

या धोरणास सर्वांत चिवट विरोध केला तो मिनाकाता कुमागुसु (१८६७–१९४१) यानें. वाकायामा येथें जन्मलेला हा विलक्षण गृहस्थ १८९२ पासून १९०० पर्यंत लंडनमध्यें राहिला, ब्रिटिश म्युझिअमच्या वाचनालयांत त्यानें टिपणांच्या वह्याच्या वह्या भरल्या, आणि 'नेचर' व 'नोट्स अँड क्वेरीज' या नियतकालिकांत तो लिहीत असे. परत येऊन तानाबे गांवीं तो श्लेष्मबुरशींचे नमुने गोळा करीत बसला. ते नमुने त्यास मिळत ते देवरायांत, आणि देवराया तुटूं लागल्या. कारण मोडलेल्या देवस्थानाच्या वृक्षांस बाजारांत किंमत होती. १९०९ पासून तो स्थानिक वृत्तपत्रांत लिहूं लागला. ऑगस्ट १९१० मध्यें अधिकाऱ्यांच्या एका सभेंत घुसून दंगा केल्याबद्दल त्यास अटक झाली व अठरा दिवस कोठडींत राहावें लागलें. तेथेंहि त्यानें एक श्लेष्मबुरशी शोधली. त्याचीं दोन लांबलचक पत्रें लोकवाङ्मयाचा अभ्यासक यानागिता कुनिओ यानें १९११ मध्यें स्वखर्चानें छापून विद्वानांत वांटलीं.

१९१२ मध्यें त्यानें एकीकरणाचे आठ दोष मांडले. भक्ति वाढत नाहीं, गांवांत वैर माजतें, उत्सव बंद पडून खेड्याची भरभराट जाते, लोकांचें सांत्वन व नीति नाहींशी होते, स्वदेशप्रेम ओसरतें, लोकांच्या सुरक्षिततेस व हितास बाध येतो, सातवा दोष, प्राचीन अवशेष व परंपरा नष्ट होतात, आणि आठवा, निसर्ग उजाड होतो. जपानांत आज त्याची कीर्ति आठव्या मुद्द्यावर आहे. आमच्या मतें सातवा त्याच्या बरोबरीचा आहे. लहान देवस्थान मोडलें म्हणजे त्याचें अधिष्ठान दुसऱ्या देवळांत नेऊन ठेवतां येतें. पण आढ्याला ठोकलेली बांधकामाच्या मितीची फळी, पूजेच्या पाळीची वही, नवसाच्या पाट्या, पायाखालचीं खापरें, अमुक दगडास शिवूं नये अशी आठवण, हीं त्या जागेस बांधलेलीं असतात. एकत्र केलीं कीं तीं मुकीं होतात. यादींतील देवस्थानाचे पुरावे इतरत्रहि असतात; यादीबाहेरच्याचा पुरावा तें स्वतःच असतें. मोडण्यास योग्य ठरलीं तीं बहुशः हींच.

१९२० मध्यें जपानी वरिष्ठ सभागृहानें एकीकरण निष्फळ असल्याचा ठराव केला. पण तोंवर मोडावयाचें तें मोडून झालें होतें. मिनाकाताच्या स्वतःच्या पितृकुळाचें ओयामा देवस्थान त्याच्या साऱ्या खटपटीला न जुमानतां १९१३ मध्यें दुसऱ्या देवस्थानांत विलीन झालें. कुमानोच्या यात्रामार्गावर नोनाका येथील देवराईंतले मोजके प्रचंड 'सुगी' वृक्ष मात्र त्याच्या धडपडीनें राहिले. त्यांच्या फांद्या एकाच बाजूस, दक्षिणेस, पसरलेल्या आहेत, आणि त्या नाचीच्या देवाकडे पाहतात असें लोक म्हणतात.

१५ डिसेंबर १९४५ च्या लष्करी हुकुमानें देवस्थानांचा सरकारशीं संबंध तुटला, पायऱ्या गेल्या, व पुढील वर्षीं देवस्थानांनीं आपली स्वतंत्र मध्यवर्ती संस्था स्थापिली. सध्यां देशांत सुमारें ऐशीं हजार देवस्थानें आहेत. नियंत्रण उठल्यावर मिए व वाकायामा येथील कांहीं गांवांनीं आपले देव परत आणून जुन्या जागीं नवीं देवळें बांधलीं. त्यांच्या आढ्यावर आतां नव्या बांधकामाची मिति आहे. जीं परत आलीं नाहींत त्यांचा माग काढावयाचा झाल्यास संशोधकास १८७९ च्या त्या विवरणपत्रकांकडेच जावें लागतें. गांव, देव, जागेचें माप, उपासकांचीं घरें, उगम अज्ञात, आणि शेजारीं निराळ्या शाईनें कोणत्या वर्षीं कोणत्या देवस्थानांत मिळविलें तें.